आमदारसाहेब, निधी राहू द्या. सभागृहात काय विचारलंत ते सांगा

स्पष्टच लिहितोय. पोस्ट मोठी आहे. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या खुशाल घाला.

आमच्या तालुक्यात एसटी स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत एकच वाक्य टांगलेलं आहे. "तालुक्याच्या विकासासाठी इतक्या कोटींचा निधी खेचून आणला." आकडा मुद्दाम लिहीत नाही, कारण साहेबांच्या दर वाढदिवसाला तो वाढतो. खाली हात जोडलेल्या पन्नास जणांचे पासपोर्ट फोटो. त्यातले निम्मे ठेकेदार, उरलेले ठेकेदार व्हायच्या तयारीतले.

मला त्या "खेचून आणला" वर बोलायचंय.

खेचून आणला म्हणजे कुठनं? आपण गाडीत डिझेल टाकतो, खताची गोणी घेतो, मोबाइल रिचार्ज मारतो, जमिनीचा दस्त नोंदवताना स्टॅम्प ड्युटी भरतो. त्यातनंच सरकारची तिजोरी भरते. आपल्याच खिशातला पैसा फिरून आपल्याच गावात आला, तर त्याबद्दल आभार नेमके कुणाचे मानायचे? आणि फ्लेक्सचा खर्च कुणाच्या खिशातनं झाला, हे तर विचारायचंच नाही.

आता जरा हिशोब. आमदार स्थानिक विकास निधी २०२० च्या आधी वर्षाला २ कोटी होता. वाढत वाढत २०२२ पासून तो ५ कोटी झाला. विधानसभेत २८८ आमदार आहेत. जो सभागृह दणाणून सोडतो त्यालाही ५ कोटी आणि ज्यानं पाच वर्षांत तोंड उघडलं नाही त्यालाही ५ कोटी. यात पराक्रम काय? दुसरा पैसा "पंचवीस-पंधरा"चा, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांसाठी ग्रामविकास खात्यातनं येणारा. तिसरा जिल्हा नियोजन समितीचा, तिथं पालकमंत्री अध्यक्ष. मोठे रस्ते, पूल, पाणी योजना हे त्या त्या खात्याच्या बजेटमधनं होतं. फ्लेक्सवर मात्र या सगळ्याची बेरीज एकाच माणसाच्या नावावर.

बरं, फ्लेक्स कधी लागतो? प्रशासकीय मान्यतेचा कागद हातात पडला की त्याच संध्याकाळी. मान्यता म्हणजे पैसा नव्हे, हे गावाला कोण सांगणार? त्यानंतर तांत्रिक मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर, आणि काम झालं की बिल निघायची वाट बघत बसायचं. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. एकाच रस्त्याचे दोन वेळा नारळ फुटलेले बघितलेत. रस्ता एकदाच झाला, तोही पहिल्या पावसापुरता.

आता खरा मुद्दा.

गटार, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, स्वागत कमान ही कामं मुळात आमदाराची आहेत का? ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायत राज उभं केलं ते कशासाठी? गावची कामं ग्रामपंचायतीनं करावीत, तालुक्याची पंचायत समितीनं, जिल्ह्याची जिल्हा परिषदेनं. पण २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि तिथं वर्षानुवर्षं प्रशासक बसले. सदस्य नाही, सभापती नाही, सर्वसाधारण सभा नाही. सामान्य माणसाला गटारीपासून घरकुलापर्यंत सगळ्यासाठी आमदाराच्या बंगल्यावर जावं लागलं. किती आमदारांनी त्याबद्दल सभागृहात आकांडतांडव केलं? सगळ्या चाव्या आपल्याच कमरेला आल्यावर कोण कशाला ओरडेल!

आमदार म्हणजे विधानसभा सदस्य. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना विधिमंडळाचं कामकाज शिकलो होतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक, समित्यांचं काम. ही आमदाराची अवजारं. सरपंचाकडं ती नाहीत, कलेक्टरकडं नाहीत, तुमच्या-माझ्याकडं तर नाहीतच. मंत्र्याला उभं करून सगळ्या राज्यासमोर उत्तर द्यायला लावायचा अधिकार फक्त या माणसाला आहे. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं तर ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती बसलेली असते. एवढी ताकद आपण ज्याच्या हातात दिली, तो तिचा उपयोग न करता कमानीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत बसलाय.

आमच्याकडचं ग्रामीण रुग्णालय घ्या. इमारत आहे. तिच्या दारात साहेबांच्या निधीतनं बसवलेले ब्लॉकही आहेत, छान आहेत. आत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या. बाळंतीण अडली की रात्री-अपरात्री मिरज गाठा, नाहीतर सोलापूर. नातेवाईक गाडीवाल्याला फोन लावत दारात उभे असतात, त्याच ब्लॉकवर. आता सांगा, डॉक्टरची जागा स्थानिक विकास निधीतनं भरता येते का? नाही येत. ती भरायची राज्याच्या आरोग्य खात्यानं. आणि त्या खात्याच्या मंत्र्याला "या रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून, जबाबदार कोण" हे विचारायची जागा मुंबई-नागपूरचं सभागृह. तो प्रश्न विचारला म्हणून फ्लेक्स लागत नाही. त्यात टक्काही नसतो. म्हणून तो विचारला जात नाही. आणि त्याची किंमत अडलेली बाई मोजते.

"असं काम करणारा आमदार असतो का कुठं?" असं म्हणणाऱ्यांनी लांब जाऊ नये. सांगोला बघा.

गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून गेले. १९७२ आणि १९९५ ला हरले. तेवढं सोडलं तर २०१९ पर्यंत तालुक्यानं त्यांनाच पाठवलं, एकूण ११ वेळा. पक्ष शेकाप, म्हणजे निधीच्या भाषेत "कुचकामी" पक्ष. मंत्रिपद दोनदा मिळालं, १९७८ ला आणि १९९९ ला, तेही थोडक्या काळासाठी. बाकी सगळी हयात विरोधी बाकावर. ते एसटीनं फिरायचे, साधे राहायचे, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी एसटीचीच आठवण काढली. सोयीचं असतं ते. साधेपणाला हार घातला की कामाशी तुलना करावी लागत नाही.

त्यांचं काम काय होतं? दुष्काळ हा त्यांनी अर्जविनंतीचा विषय ठेवला नाही, धोरणाचा केला. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या. कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांचा तो लढा. गणपतराव त्यात पुढं होते. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलेलं, आणि ते अडवून वापरायची मुदत २००० साली संपणार होती. बाहेर परिषदेत लोक जमवायचे आणि आत सभागृहात सरकारला धरायचं, असा दुहेरी मारा चालला. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभू योजना मार्गी लागली. कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी आज आटपाडी-सांगोल्याच्या माळापर्यंत येतं. हे एकट्या माणसाचं श्रेय नाही, हजारो लोकांच्या चळवळीचं आहे. पण ती चळवळ सभागृहात नेणारा आमदार होता म्हणून ती सरकारी कागदावर उतरली.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "पन्नास वर्षं आमदार होते, मग पाणी यायला एवढा उशीर का?" प्रश्न रास्त आहे. सांगोल्याच्या मतदारानंही तो विचारला आणि त्यांना दोनदा घरी बसवलं. पाणी उशिरा आलं, अजूनही सगळ्या गावांना पुरेसं येत नाही, हे मान्य. पण राज्यकर्त्यांना आपल्या भागाच्या पाण्याचा विसर पडू न देणं हेच विरोधी आमदाराच्या हातात असतं. ते त्यांनी सोडलं नाही. आणि घराण्याची भलामण मी करत नाही. २०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. त्यांनाही हीच फूटपट्टी लावा.

याच सांगोल्याचे पुढचे आमदार साऱ्या महाराष्ट्राला कशामुळं माहीत झाले? २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून केलेल्या, झाडी-डोंगराचं वर्णन करणाऱ्या फोनमुळं. आपण हसलो, गाणी केली, रिंगटोन लावल्या. दुष्काळी तालुक्याचा आमदार आणि चर्चा हॉटेलची! त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी ज्यांनी ज्यांनी उड्या मारल्या, त्यातल्या बऱ्याच जणांचं एक कारण ठरलेलं होतं: "मतदारसंघाला निधी मिळत नव्हता." म्हणून सांगतो, हा निधी शब्द साधा नाही. याच शब्दाखाली मतदाराचं मत विकलं जातं, आणि मतदारच टाळ्या वाजवतो.

दुसरं उदाहरण तासगावचं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांच्या कल्पनेतनं तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. काम मागितलं की १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पुढं २००५ मध्ये देशाचा कायदा झाला त्याच्या मुळाशी आपला हा अनुभव होता. ७२ साली खडी फोडलेल्या आया-आज्या आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्या वेळी कुठल्या आमदारानं कुठली कमान बांधली, हे कुणाला आठवतंय का? कायदा मात्र आठवतो, कारण त्यानं चूल पेटवली.

तेव्हा मित्रांनो, साहेबांना मोजायचं माप बदला. पुढचं अधिवेशन संपवून ते सत्काराला गावात आले की हार घालायच्या आधी एवढंच विचारा:

आपल्या तालुक्याबद्दल किती तारांकित प्रश्न टाकले? लक्षवेधी कुठली लावली? मंत्र्यानं उत्तर काय दिलं, त्याची प्रत दाखवा. कुठल्या समितीवर आहात आणि तिथल्या बैठकांना किती वेळा गेलात? दवाखान्यातल्या रिकाम्या जागांबद्दल सभागृहात एक तरी वाक्य बोललात का?

उत्तर "बघतो", "चर्चा झाली", "पाठपुरावा चालू आहे" असं आलं तर समजून जा. पाठपुराव्याला जावक क्रमांक असतो, सभागृहातल्या भाषणाची नोंद असते. ज्याचा कागद नाही ते काम झालेलं नाही.

मीही हे प्रश्न साहेबांच्या कार्यालयाला लेखी देतोय. पोच घेईन. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथं टाकेन, नाही आलं तर महिन्यानं पोचेचा फोटो टाकेन. ज्यांना पोस्ट पटली त्यांनी नुसता अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. आपापल्या गावातनं एक-एक अर्ज द्या. शंभर अर्ज गेले तर नागपूरला एक प्रश्न लागेल. आणि तो एक प्रश्न दवाखान्यात एक डॉक्टर आणेल, जो कितीही ब्लॉक बसवले तरी येणार नाही.