वेदनाशामक निसर्गात शोधा, पण पारखून घ्या

मधुमेहाने पायांच्या नसांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावरही मागे उरणारा ठणका, वर्षानुवर्षांची कंबरदुखी. अशा जुनाट दुखण्यावर सवय न लावणारे औषध हवे, ही मागणी रास्तच आहे. पण औषध नैसर्गिक असले की त्याचे व्यसन लागत नाही, हा सोबतचा समज घातक आहे. मॉर्फिन अफूच्या बोंडातल्या चिकातूनच मिळते. आग्नेय आशियातल्या क्रॅटमच्या झाडाची पाने वनौषधी म्हणून विकली जातात. त्यांच्यातले मायट्रागायनिन मॉर्फिनप्रमाणेच मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहींवर काम करते आणि सवयही लावते. औषध कुठून आले यावर व्यसन ठरत नाही. ते शरीरात कुठे काम करते यावर ठरते. शोधाची दिशाही तिथूनच ठरायला हवी.

ही दिशा फळ देते याचे पुरावे आहेत. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो, ते नसांच्या टोकांवरच्या ज्या ग्राहीला चेतवते, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधला. 2021 च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे. आठ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला अमेरिकेत 2009 मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि 2020 मध्ये मधुमेही पायांच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ही पट्टी त्वचेतल्या नसांना बधिर करते, नशेशी तिचा संबंध येत नाही. शंकूच्या आकाराच्या शंखात राहणाऱ्या विषारी समुद्री गोगलगायीवर फिलिपिन्समध्ये जन्मलेले बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी आयुष्यभर संशोधन केले. तिच्या विषातल्या एका रेणूवरून झिकोनोटाइड हे औषध तयार झाले आणि 2004 मध्ये मान्य झाले. ते मज्जारज्जूतल्या कॅल्शियमच्या वाहिन्या अडवते आणि ओपिऑइडसारखे व्यसन लावत नाही.

यावर आक्षेप येतो की, झिकोनोटाइड पंपाने थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावे लागते, त्याने गंभीर मानसिक दुष्परिणामही होऊ शकतात. मग त्याचा उपयोग किती जणांना? आक्षेप खरा आहे. पण अशा औषधाचे मोल एवढ्यावरच मोजता येत नाही. वेदनेचा संदेश नेमका कुठे अडवता येतो, हे त्याने दाखवून दिले. दुसरा आक्षेप असा की, जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे ओपिऑइड नसलेले वेदनाशामक प्रयोगशाळेत घडवलेले आहे; मग निसर्गाकडे कशाला जायचे? एक तर ही मान्यता अल्पकालीन तीव्र वेदनेपुरती आहे, जुनाट दुखण्याचा प्रश्न तिने सुटलेला नाही. शिवाय हे औषध सोडियमची जी वाहिनी बंद करते, तिची वेगळी ओळख पटली ती केंड म्हणजे पफर माशाच्या विषाला ती दाद देत नाही म्हणून. रेणू माणसाने घडवला, पण वाट शोधायला निसर्गातले विषच हत्यार ठरले.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे: शतकानुशतकांच्या वापराने जे सिद्ध झाले, त्याला चाचण्या कशाला? परंपरा कुठे शोधायचे ते सांगते. मात्रा किती, कोणाला आणि कोणत्या औषधासोबत नको, हे चाचणीच सांगते. हळदीतले कर्क्युमिन पोटातून फार कमी शोषले जाते, म्हणून भाजीतल्या हळदीवरून औषधाचा निष्कर्ष काढता येत नाही. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरच्या लढ्यामुळे. ज्ञानाची मालकी आपण राखली; आता तेच ज्ञान तपासण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वनस्पतिज आणि सागरी रेणूंच्या तुलनात्मक चाचण्यांना पैसा द्यावा आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करावेत. मात्र या शोधाचे कारण पुढे करून कर्करुग्णांना मॉर्फिन नाकारले जाऊ नये. अमली पदार्थविरोधी कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली ती अशा रुग्णांना ते सुलभपणे मिळावे म्हणूनच. उद्याच्या औषधाची वाट पाहताना आजच्या रुग्णाला वेदनेत ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.