माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



वरचं वाक्य माझं नाही. चार वर्षांपूर्वी दादा गेला, त्या संध्याकाळी हवालदारांनी ते आईच्या जबाबात लिहिलं आणि खाली आईने सही केली. माणूस भला होता. आईला पाणी आणून दिलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "कारण काय लिहू?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "आजारपण लिहा."

खोटं नव्हतं. दादाला सहा वर्षं डिप्रेशन होतं. पण तेव्हापासून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल माझ्याने नीट वाचवत नाही. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या, त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. कारणं : कौटुंबिक समस्या 31.7 टक्के, आजारपण 18.4 टक्के. हे दशांश कुठून येतात ते मी पाहिलंय. सुन्न बसलेल्या घरात कुणीतरी एक शब्द बोलतं, तिथून येतात.

पोलिसांचं काम त्या शब्दावर भागलं. आमचं अजून भागलेलं नाही. आईचं कारण असं, की त्या सकाळी तिने त्याला पोहे पुन्हा गरम करून दिले नाहीत. बाबांचं कारण ते सांगत नाहीत; बाहेर विचारलं तर "अ‍ॅटॅक आला" म्हणतात. माझं असं, की मी त्याला दर रविवारी फोनवर सांगायचे, "जरा बाहेर पड, चार माणसांत मिसळ, बरं वाटेल." पाय मोडलेल्याला चालून ये म्हणावं तसं. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या महिन्यात गॅस कधी लावायचा ती तारीख त्याच्याच अक्षरात होती. ती कुठल्या रकान्यात बसवायची?

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. एरवी अशा वेळी लोक सुटकेचा श्वास टाकतात. घाटावर एक काकू हळूच म्हणाल्या, "बघा, इच्छाच उरली नव्हती हो त्याची." बोलल्या सहज, पण आईने त्यानंतर दोन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही.

साहेब, त्यानंतर आमच्याकडे बरेच लोक आले. बँकेचे आले, विम्याचे आले, एका राहिलेल्या सहीसाठी पोलीस पुन्हा आले. आपल्या खात्याचं कुणी आलं नाही. दादा आपलाच पेशंट होता. एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, त्याचा केसपेपर होता. मानसोपचाराचे डॉक्टर मंगळवारीच असायचे आणि मंगळवारची रजा मागताना तो दातदुखी सांगायचा, कारण आमच्याकडे अजून "येरवड्याला न्या याला" हा विनोद आहे. शेवटचे दोन महिने तो गोळ्या न्यायला गेला नाही. त्या खिडकीतून एक फोन आला असता तर? हा प्रश्नही रात्री दोन वाजता आमच्याच घरात फिरतो.

कायदा बराच पुढे गेलाय हे मला ठाऊक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं, त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 नव्या न्याय संहितेत आलंच नाही. 2022 च्या राष्ट्रीय धोरणात 2030 पर्यंत आत्महत्या दहा टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट आहे. टेलि-मानसचा 14416 हा नंबरही खरंच चालतो. एका रात्री मी लावला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, घाई न करता, आणि सकाळी मी शाळेत जाऊ शकले.

पण आई फोन लावणार नाही. तो शब्दच ती उच्चारत नाही. तिच्यासाठी कुणीतरी दारात यावं लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी मागे राहिलेल्यांना सावरण्याच्या कामाला 'पोस्टव्हेन्शन' असं नाव दिलं, त्याला अर्धं शतक झालं. ज्या घरात आत्महत्या घडते तिथल्या माणसांना स्वतःलाही तो धोका वाढतो, म्हणून हे काम करायचं. मराठीत त्याला अजून शब्द नाही. आपल्या खात्याने एखादा काढला तरी चालेल, फक्त तो परिपत्रकात राहू नये.

आमच्या गल्लीत बाळ जन्मलं की आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. वजन करतात, नाळ बघतात, आईला जेवलीस का विचारतात. मी मागतेय ते एवढंच, की अशा मरणाच्या घरीही कुणीतरी तीनदा यावं : तेराव्यानंतर, तीन महिन्यांनी आणि वर्षश्राद्धाच्या आधी. अकस्मात मृत्यूची नोंद ठाण्यात होतेच. ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या समाजसेवकापर्यंत पोचवायची. (हेही आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नका. त्यांच्याकडे रजिस्टरं आधीच पुष्कळ आहेत.)

येणाऱ्याने काय बोलावं, याचं प्रशिक्षण आपण द्यालच. आमच्या घरापुरतं मी सांगते. कारण विचारू नये. दादा कसा होता ते विचारावं. तो वडापावातली मिरची आधी खायचा, कॅरममध्ये राणी घेतल्यावर बोर्डावर टिचकी मारायचा. आई आधी "कशाला ते आता" म्हणेल. मग चहा टाकायला उठेल आणि ओट्यापाशी उभी राहूनच सांगायला लागेल.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक शिक्षिका