बिनविरोध

7 मे 2024 रोजी सुरतेत लिंबायत आणि उधन्यात लोकसभेचे मतदान झाले. धुळे, नंदुरबार, जळगावाहून कापड गिरण्यांत पोटासाठी आलेली आणि आता इथलीच झालेली असंख्य खानदेशी घरे याच वस्त्यांत आहेत. हा भाग नवसारी मतदारसंघात मोडतो, म्हणून त्यांच्या बोटांना शाई लागली. त्याच शहरात, त्याच दिवशी, सुरत मतदारसंघातल्या कतारगाम आणि वराछात मात्र लोकसभेसाठी एकही केंद्र उघडले नाही. सुरतचा खासदार पंधरा दिवस आधीच ठरला होता.

काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत’ असे लिहून दिले. 21 एप्रिलला तो अर्ज बाद झाला, पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचाही झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध विजयी घोषित झाले. सोळा लाखांहून अधिक मतदारांना कोणी काही विचारलेच नाही.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 53 सांगते की, जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर त्याला निवडून आल्याचे जाहीर करावे. म्हणजे रिंगणात कोण राहणार हे उमेदवारांनी आपसात ठरवले की मतदाराचा प्रश्नच मिटला. पण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नोटा’ दिला तो याच भूमिकेतून की, नाकारणे हीसुद्धा मतदाराची अभिव्यक्ती आहे. दोन उमेदवार असताना जो हक्क शाबूत, तो एकच उरला म्हणून नाहीसा कसा होतो? उलट एकच उरतो तेव्हाच त्याची गरज सर्वाधिक.

याच गुजरातने स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे करणारा कायदा केला होता. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी थांबवली. मतदान हे कर्तव्य आहे, असे नागरिकाला बजावायचे असेल, तर आधी त्याच्यासमोर मतदानयंत्र ठेवले पाहिजे.

विरोध ऐकण्याआधीच निवड जाहीर होण्याचा प्रश्न सुरतेने फार पूर्वीही पाहिला आहे. डिसेंबर 1907 मध्ये तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या ठरावावर बोलू द्यावे, अशी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनी धाडली होती. परवानगी मिळाली नाही. निवड झाल्याचे जाहीर करण्यात आले. टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले आणि हटेनात. पुढची जोडाफेक आणि खुर्च्यांची मारामारी सर्वांच्या लक्षात राहिली. टिळक तिथे का उभे होते, ते मात्र विसरले गेले. निवडीवर विरोधाचा आवाज उठण्याआधीच ती झाली असे म्हणू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे ‘बिनविरोध’ हा कौतुकाचा शब्द आहे. 1963 मध्ये नाशिकने यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत धाडले, ते संरक्षणमंत्र्यावरच्या विश्वासापोटी. गावात तंटा नको, खर्च वाचावा, ही भावनाही खोटी नाही. पण जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींवर गेली होती. एकमत आणि सौदा बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींचा निकाल एकाच ओळीचा असतो. फरक कळण्याचा मार्ग एकच, गुप्त मतदान.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उमेदवार एकच उरला तरी मतदान घ्या. यंत्रावर त्याचे नाव आणि त्याखाली ‘नोटा’ असू द्या, आणि ‘नोटा’ला जास्त मते पडली तर निवडणूक नव्याने घ्या. कलम 53 ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आहे. पण संसदेने निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. खर्चाची सबब इथे टिकत नाही. एका दिवसाच्या मतदानाचा खर्च पाच वर्षांच्या प्रतिनिधित्वापुढे कितीसा?

2024 मध्ये अठरा वर्षांचा झालेला कतारगामचा मुलगा आता नियमित वेळापत्रकाप्रमाणे 2029 मध्ये लोकसभेसाठी पहिले मत देईल. तेव्हा तो तेवीस वर्षांचा असेल.