हट्टी कुत्रा आणि घरचीं माणसें

कुत्रा पाळणें ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, असें आपल्याकडे फारसें कोणी मानीत नाहीं. भाकरीचा तुकडा टाकला आणि रात्रीं ओटीवर जागा दिली कीं कुत्रा आपोआप इमानी होतो, असा सर्वसाधारण समज. त्यांतून आपण रायगड जिल्ह्याचे रहिवासी. गडावरील वाघ्याचें स्मारक पाहून आलेला प्रत्येक विद्यार्थी आपल्या दारच्या कुत्र्याकडून त्याच निष्ठेची अपेक्षा करूं लागतो. तें स्मारक १९३६ सालचें असून वाघ्याची कथा इतिहासांतली कीं नाटकांतली, याविषयीं जाणत्यांत मोठा वाद आहे. त्या वादांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, कथेंतला कुत्रा पाळावयास फार सोपा असतो. त्याला आवडनिवड नसते, तो रुसत नाहीं, आणि हांक मारली असतां दुसरीकडे पाहत नाहीं.

आमचा कुत्रा या तिन्ही बाबतींत निराळा निघाला. २०१७ सालच्या थंडींत सोलापूरकडील एका स्नेह्यानें तीन महिन्यांचें पिल्लूं मला दिलें आणि मीं तें मोठ्या हौसेनें नागांवच्या आमच्या वाडींत आणलें. जात कारवान. लांब तोंड, आंत ओढलेलें पोट, उंच काटक पाय आणि चालण्यांत अशी ऐट कीं घरांतल्या मुलांनीं पहिल्याच दिवशीं त्याचें नांव 'सरदार' ठेविलें. नांव ठेवतांना विचार करावा, हें मला मागाहून कळलें.

ही जात आपल्या दख्खनच्या पठारावरची. काफिल्यांबरोबर ती इकडे आली म्हणून कारवान, असें सांगतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनीं याच रक्ताचीं कुत्रीं जोपासलीं व तीं मुधोळ हाउंड या नांवानें प्रसिद्धीस आलीं. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें कुत्र्यांच्या चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळला स्थान मिळालें. पुढें सैन्यानेंही मुधोळचीं पिल्लें शिक्षणासाठीं मीरतला नेलीं. तेव्हां ही जात मंद नाहीं, हें उघड आहे. मग ती ऐकत कां नाहीं?

याचें उत्तर तिच्या धंद्यांत आहे. हा कुत्रा नजरेनें शिकार करणारा. माळावर ससा उठला म्हणजे तो वाऱ्यासारखा पुढें आणि धनी कोठच्या कोठें मागें. अशा वेळीं वळावें कोठें, थांबावें केव्हां, हें धन्याला विचारण्यास सवड कोठून असणार? जो कुत्रा आपल्या बुद्धीनें ठरवी, त्याचींच पिल्लें लोक पिढ्यानुपिढ्या राखीत आले. मेंढ्या वळणारा विलायती कुत्रा पावलोपावलीं धन्याच्या तोंडाकडे पाहतो, कारण त्याचें कामच तसें. याचें काम तसें नव्हे. आपण ज्याला हट्ट म्हणतों, ती त्याची वंशपरंपरागत हुशारी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तें योग्यच झालें. परंतु धंदा गेला म्हणून रक्तांतला गुण गेला नाहीं. कुत्रा घरीं आणण्यापूर्वीं त्याचे पूर्वज काय काम करीत होते याची चौकशी करावी, असें माझें पालकांस आग्रहाचें सांगणें आहे. हल्लीं आपल्या किनाऱ्यावर बर्फाच्या देशांतले दाट केसांचे कुत्रे भर वैशाखांत धांपा टाकतांना दिसतात. त्यांच्या धन्यांनीं केवळ रूप पाहिलें, दुसरें कांहीं नाहीं.

आतां खाण्याविषयीं. सरदाराच्या मूळ मुलखांत त्याचे भाऊबंद जोंधळ्याची भाकरी आणि मिळालें तर दूध, एवढ्यावर राहतात. आमच्या घरीं मात्र सहा महिन्यांत त्याला तांदळाची भाकरी नकोशी झाली. नुसता भात तो हुंगून सोडून देई. मासळी असेल तरच ताटलींत तोंड घाली, आणि तीही ताजी हवी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, हें त्याला कोणी समजावून सांगावें? त्या दोन महिन्यांत आम्ही सुकट-बोंबिलावर राहतों; सरदार उपोषणावर राही. आई त्या काळांत मागील दारीं जाऊन त्याला दूधसाखर व बिस्किटें देत असे. मीं हटकलें तर म्हणे, "अरे, नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले, आणि तूं मला दुधाचा हिशेब विचारतोस?" यावर मीं एकदां आईस नम्रपणें सुचविलें कीं, नामदेवांच्या कुत्र्यानें कोरडी भाकरी आपण होऊन पळविली होती, ती त्याच्या तोंडाशीं कोणास धरावी लागली नव्हती. हें उत्तर तिला रुचलें नाहीं.

वस्तुतः चवीच्या बाबतींत कुत्रा आपल्याहून पुष्कळ दरिद्री आहे. मनुष्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कलिका सुमारें नऊ हजार, तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारें सतराशे. म्हणजे त्याचे चोचले सगळेच कांहीं जिभेंतून उपजत नाहींत. भाकरी नाकारली कीं मागील दारीं दूधसाखर मिळते, हें त्यानें दोनतीन अनुभवांत ताडलें. आम्ही त्याला शिकवीत होतों असें आम्हांस वाटे. तो आईला शिकवीत होता आणि विद्यार्थिनी फार तल्लख निघाली.

उपाय साधा होता, पण अमलांत आणणें कठीण. दिवसांतून दोन वेळां ठराविक जागीं ताटली ठेवावयाची, पंधरा मिनिटें वाट पाहावयाची आणि नंतर एक शब्दही न बोलतां ती उचलावयाची. पुढच्या वेळेपर्यंत कांहीं नाहीं. पाणी मात्र सदैव भरलेलें. सरदारानें पहिला संपूर्ण दिवस आम्हांकडे पाठ फिरवून काढला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं भात आणि उकडून कांटे काढलेले मासे खाल्ले. तिसऱ्या दिवशीं भाकरी. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा नियम निरोगी, वाढलेल्या कुत्र्यासाठींच. लहान पिल्लूं, किंवा जो पाणीही पीत नाहीं, ओकतो, निपचित पडतो, त्याला उपाशी ठेवणें हा निर्दयपणा होय. पावसाळ्यांत आपल्याकडे गोचिडांचा ताप कुत्र्यांना फार होतो; हिरड्या फिक्या दिसल्या तर हट्ट समजून बसूं नये, गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. खारविलेली सुकी मासळी त्याला देऊं नये, आणि आपला अलिबागचा पांढरा कांदा कितीही गोड असला तरी कुत्र्याच्या रक्ताला कांदा अपायकारकच.

परंतु खाण्याचे चोचले ही बाब हंसण्यावारी नेतां येते. न ऐकणें ही तशी नाहीं, हें मला ३ जून २०२० रोजीं कळलें.

त्या दिवशीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. आपल्या वाडीवाल्यांपैकीं ज्यांच्या नारळी-पोफळी त्या दिवशीं आडव्या झाल्या, त्यांना अधिक सांगावयास नको. सकाळीं मोकळा सोडलेला सरदार विहिरीपाशीं होता. वारा चढूं लागला तशी एक झावळी त्याच्या पुढ्यांत पडली आणि तो बिथरून वाडीच्या टोंकाला कुंपणापाशीं जाऊन उभा राहिला. आम्ही पांचही जणांनीं पडवींतून त्याला बोलावण्यास आरंभ केला. आई "बाळा, ये रे" म्हणे. सौभाग्यवती त्याचें नांव घेई. धाकटा भाऊ शीळ घाली. मी टाळ्या वाजवीं. आणि माझा नऊ वर्षांचा पुतण्या इंग्रजींत "कम् हिअर, कम् हिअर" ओरडे. सरदारानें आमच्यापैकीं प्रत्येकाकडे एकेकदां पाहिलें आणि तो जागचा हालला नाहीं.

तेवढ्यांत पुतण्या आईचा हात सोडवून बाहेर धांवला. त्याच्यामागें मी. वरून नारळ पडत होते, पावसानें पुढचें दिसत नव्हतें. मुलानें कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारली, मीं दोघांनाही ओढीत आणलें, आणि आम्ही पायरीवर पाय ठेवतों न ठेवतों तोंच मागें आल्या वाटेवर एक पोफळ कडाडून आडवी पडली. मुलाच्या कोपरास खरचटलें, यापलीकडे कांहीं झालें नाहीं. दिवे गेले होते. अंधारांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग भाऊ म्हणाला, "असला हट्टी कुत्रा उद्यांच कोणास देऊन टाका."

मीं रात्रभर विचार केला आणि माझें मत त्याच्या उलट झालें. रशियांतील पावलोव्ह या शास्त्रज्ञाचे कुत्र्यांवरील प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक असतील. अन्नाशीं वारंवार जोडलेला आवाज ऐकूनच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, असें त्यांनीं दाखविलें. मग आम्ही आमच्या हांकेशीं अडीच वर्षें काय जोडलें होतें? सरदारास बोलावीत असूं तें आंघोळीसाठीं, गोचिडी काढण्यासाठीं, साखळी घालण्यासाठीं, किंवा चपला कुरतडल्याबद्दल जाब विचारण्यासाठीं. शिवाय पांच माणसांच्या पांच हांका. तो आज्ञा मोडीत नव्हता. आज्ञा म्हणावी अशी गोष्टच त्या घरांत नव्हती.

दुसऱ्या दिवशीं पडलेलीं झाडें बाजूस करतांना ठराव झाला कीं, यापुढें सर्वांनीं एकच शब्द वापरावा: "ये." हा शब्द रागानें उच्चारावयाचा नाहीं आणि आंघोळीसाठीं तर कधींच नाहीं, आंघोळ घालावयाची असेल तर आपण उठून त्याच्याजवळ जावें. ओहोटीच्या वेळीं, पहाटे, किनाऱ्यावर माणसें नसतांना मी व पुतण्या त्याला लांब दोरीवर सोडीत असूं. "ये" म्हणावयाचें, आला कीं उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आणि लगेच पुन्हां मोकळा. हें शेवटचें फार महत्त्वाचें. आल्यावर स्वातंत्र्य जातें असें त्याला वाटलें कीं तो येणार नाहीं. पहिले दोन महिने त्यानें मन मानेल तसा प्रतिसाद दिला. नवरात्रांत तो दहांपैकीं सातआठ वेळां येऊं लागला. दिवाळीनंतर मीं दोरी सोडली.

कांहीं पालक विचारतील कीं दोन छड्या मारून हें एका आठवड्यांत झालें नसतें काय? मला तसें वाटत नाहीं. कुत्रा घटना आणि शिक्षा यांचा संबंध तत्काळ जोडतो. दहा मिनिटांनीं मारलेली छडी त्याच्या लेखीं अकारण असते. मऊ स्वभावाचा कुत्रा छडीनें भित्रा होतो. स्वतःच्या बुद्धीनें चालणारा कुत्रा मनांत टिपून ठेवतो कीं या माणसाच्या हाताच्या अंतरांत जावयाचें नाहीं, आणि वादळांत तो कुंपणापाशींच उभा राहतो. आळींत एका घरीं असा कुत्रा होता. मालकांनीं मारून मारून त्याला 'सरळ' केला; शेवटीं तो शेजारच्या मुलास चावला आणि गाडींत घालून लांब किनाऱ्यावर सोडला गेला. दोष कुत्र्याचा ठरला, कारण त्याला बोलतां येत नव्हतें.

आज सरदार वृद्धत्वाकडे झुकला आहे. अनोळखी माणसानें अंगास हात लावलेला त्याला अजूनही खपत नाहीं, आणि ससाणा दिसला तर माझ्या "ये" कडे त्याचें लक्ष जाईलच असें मी छातीवर हात ठेवून सांगणार नाहीं. गेल्या जून महिन्यांत, मासळी बंद असतांना, त्याच्यापुढें भाकरी ठेविली. त्यानें हुंगलें, आईकडे पाहिलें. आईनें माझ्याकडे पाहिलें. मीं घड्याळाकडे पाहिलें. तेराव्या मिनिटाला त्यानें भाकरी संपविली. आईचा उजवा हात तेवढा वेळ पदराखालीं कां होता, हें मीं विचारलें नाहीं.