विश्व एका बुडबुड्यात संपणार? व्हायरल दाव्यामागचं विज्ञान काय सांगतं?

'एक बुडबुडा प्रकाशाच्या वेगाने येईल आणि कळायच्या आत सगळं संपेल.' 'व्हॅक्यूम डिके'बद्दलचे असे व्हिडिओ अधूनमधून व्हायरल होतात. त्यात तथ्य किती?

व्हॅक्यूम डिके म्हणजे काय?

शुद्ध पाणी शून्य अंशाखाली गेलं, तरी कधी कधी गोठत नाही. बाटलीला टिचकी मारली की मात्र क्षणात बर्फ होतो. २०१२ मध्ये सर्न प्रयोगशाळेत सापडलेल्या हिग्ज बोसॉनचं आणि टॉप क्वार्कचं वस्तुमान घेऊन गणित मांडलं, तर आपलं विश्वही अशाच 'अर्धवट स्थिर' अवस्थेत असू शकतं. अधिक स्थिर अवस्थेचा बुडबुडा कुठे तयार झालाच, तर तो जवळपास प्रकाशाच्या वेगाने पसरेल.

मग घाबरायचं का?

नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार त्यासाठी लागणारा अंदाजे काळ १ वर १३९ शून्यं इतकी वर्षं आहे. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं. शिवाय अजून न सापडलेले कण असतील, तर हे गणितच बदलू शकतं.

शास्त्रज्ञांना यात रस का?

कारण भविष्यात नाही, भूतकाळात आहे. महास्फोटानंतर विश्व थंड होताना असे असंख्य बुडबुडे तयार होऊन एकमेकांवर आदळले असतील, तर त्यातून गुरुत्वीय लहरी निघाल्या असतील. सध्याच्या सिद्धांतानुसार हिग्जशी संबंधित बदल बुडबुड्यांविना, सावकाश झाला. म्हणजे त्या काळातल्या टकरींचा पुरावा मिळाला, तर नवं भौतिकशास्त्र हाती लागेल. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का उरलं, म्हणजे आपण मुळात आहोत का, याचं उत्तरही त्यात असू शकतं.

पुण्याचा संबंध काय?

जून २०२३ मध्ये जगभरातल्या गटांनी अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात नारायणगावजवळच्या खोडद इथल्या 'जीएमआरटी' दुर्बिणीची निरीक्षणंही होती. या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे आल्या असाव्यात, हा मुख्य अंदाज. पण बुडबुड्यांच्या टकरीची शक्यताही तपासली जाते आहे.

पुढे काय?

युरोपची 'लिसा' मोहीम २०३५ मध्ये नियोजित आहे. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवरची तीन यानं हिग्जच्या त्या काळातल्या लहरी शोधू शकतील. व्हिडिओ विश्वाच्या शेवटाची भीती घालतात. शास्त्रज्ञ मात्र त्याच बुडबुड्यांत विश्वाची सुरुवात शोधत आहेत.