नाद लावणारी माणसं

पोस्टाच्या तिकिटांचा नाद आपोआप लागत नाही, कुणीतरी तो लावावा लागतो. मला तो लावणाऱ्या दोघांपैकी एकाकडेही किमती संग्रह नव्हता.

एक आमचे शेजारी. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला. देशाची तिकिटं छापणाऱ्या कारखान्यात हयात घालवलेले काका स्वतःसाठी तिकीट घ्यायला मात्र पोस्टाच्या खिडकीवर रांगेत उभे राहायचे, पैसे मोजायचे. प्रेसमधून कागदाचा कपटाही बाहेर येता कामा नये, हा तिथला नियम. काकांनी तो धर्मासारखा पाळला. माझ्या लेखी काकांचं मोठेपण इथूनच सुरू होतं.

त्यांनी मला तिकीट मागून बघायला शिकवलं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तेव्हा नव्या पैशांची, भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. काका एकाच किमतीची दोन तिकिटं समोर ठेवायचे आणि फरक सांग म्हणायचे. रंग तोच, नकाशा तोच, दातेही तेच. मग उजेडात धरायला लावायचे. एकाच्या कागदात तारे दिसायचे, तर १९५८ पासूनच्या दुसऱ्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह. जलचिन्ह दिसलं त्या दिवशी मला कळलं, की आपण आजवर तिकिटं नुसती गोळा करत होतो.

१९५८ चंच अण्णासाहेब कर्व्यांचं तिकीट त्यांनी वेगळ्या पानावर ठेवलं होतं. १८ एप्रिलला महर्षींना शंभर वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी ते निघालं. हयात असताना भारताच्या तिकिटावर आलेला हा पहिला भारतीय माणूस. त्याच्या शेजारी १९४८ चं दीड आण्याचं गांधीजींचं, देवनागरी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेलं. गांधीजींच्या त्या मालेतली चारही तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. ती नाशिकला छापायला हवी होती, असं काका दर वेळी म्हणायचे आणि मला ते दर वेळी पटायचं.

दुसरे माझ्या आईचे मामा. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर. धावत्या गाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं गावागावाच्या कप्प्यांत टाकायची, हे त्यांचं काम. कुठल्या खेड्याची डाक कुठल्या स्टेशनावर उतरते हे त्यांना निवृत्तीनंतरही तोंडपाठ होतं. चित्रापेक्षा त्यांचा जीव शिक्क्यावर. पाकिटावरून तिकीट कापलेलं त्यांना खपायचं नाही. पत्र कुठून निघालं, कधी निघालं, वाटेत कुठे थांबलं हे सगळं पाकिटावरच्या शिक्क्यांत असतं. तिकीट कापलं की ती हकीकत गेली. साधी, रोज येणारी तिकिटं मात्र सोडवू द्यायचे, तीही ओढून नाही. कोमट पाण्यात ती आपली आपण सुटेपर्यंत थांबायचं आणि रद्दीवर पालथी वाळवायची. घाईच्या वयात मला थांबायला या माणसाने शिकवलं.

शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचंही ऋण आहे. माग्यार म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड हे त्यांनी सांगितलं. ब्रिटन आपल्या तिकिटावर देशाचं नाव घालतच नाही, हेही.

आज घरी बारकोडची पार्सलं येतात, तिकीट लावलेलं पत्र क्वचितच. मुलांना तिकीट सहज भेटतच नाही, म्हणून भेट घालून देणारं माणूस आज जास्त हवं. टपाल खात्याने २०१७ मध्ये सहावी ते नववीच्या मुलांसाठी ‘स्पर्श’ ही वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. त्या योजनेत शाळेला तिकीटसंग्रहाचा मार्गदर्शक देण्याची तरतूद आहे, ही मला पैशांहून मोलाची वाटते. पण एका मार्गदर्शकाने किती मुलांच्या शेजारी बसावं?

तुमच्या माळ्यावर जुना अल्बम असेल, तर या सुट्टीत तो खाली काढा. घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या मुलीला बोलवा, तिच्या हातात भिंग आणि चिमटा द्या आणि दोन सारखी दिसणारी तिकिटं पुढ्यात ठेवा. किंमत किती, हे मात्र पहिल्या दिवशी सांगू नका.