लॉग्ज कुठे आहेत?

आजोबा गेले त्याला दीड वर्ष झालं. आमचं गाव धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. रझाकारांच्या काळात आजोबा दहा-अकरा वर्षांचे होते. तेव्हा गावात काय काय झालं, कोण कुठे लपलं, धान्य कुठे पुरलं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. "पुढच्या वेळी आलो की रेकॉर्ड करतो," असं मी तीन वर्षं म्हणत राहिलो. दर वेळी कुठलं तरी रिलीज आडवं आलं. आज माझ्या फोनमध्ये त्यांचा आवाज आहे बेचाळीस सेकंदांचा. त्यात ते विचारतात, "पोहोचलास का? जेवला का?" बस्स.

असो. आजचा विषय तसा वेगळा आहे, पण कळ तीच आहे.

परवा ऑफिसात चहाला अणुऊर्जेचा विषय निघाला. 'रॉकेट बॉइज' सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे भाभा सगळ्यांना पाठ. तुर्भ्याला १९५४ मध्ये अणुसंशोधनाचं केंद्र सुरू झालं, १९५६ मध्ये 'अप्सरा', १९६० मध्ये 'सायरस', १९७४ मध्ये पोखरण. मी सहज विचारलं, "आणि तिथे आधी कोण राहायचं?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "जंगल असेल रे."

जंगल! तुर्भ्याचा कोळीवाडा आजही तिथेच आहे. खाडी होती, होड्या होत्या, माणसं होती. १९५४ मध्ये जो पोरगा दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या पुढे गेलाय. असलाच तर.

तारापूरचंही तेच. १९६९ मध्ये तिथे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र चालू झालं. शेजारी भाभा केंद्राचे इंधन-पुनर्प्रक्रियेचे प्रकल्प आले. पुढे ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. गावांचं काय झालं? सरकारी उत्तर दोन ओळींत संपतं: इतकी घरं, इतका मोबदला. पण भरतीच्या वेळी होडी कुठे ओढून ठेवायची, लग्नाचा मांडव कुठे पडायचा, किनाऱ्याजवळच्या पाण्यात जायला बंदी आल्यावर जाळं कुठे टाकायचं, याचा रकाना सात-बाऱ्यात नसतो.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात मोटार रात्री दोनला चालू करायला उठावं लागायचं. विजेची किंमत मला शिकवू नका. माझा राग वेगळा आहे. या देशाच्या अणुकार्यक्रमाचा इतिहास फक्त शास्त्रज्ञ, मंत्री आणि प्रेसनोट यांच्या तोंडून सांगितला जातो, आणि आपण तो पूर्ण इतिहास समजून टाळ्या वाजवतो.

चहाच्या टेबलावर मला दोन उत्तरं मिळाली.

पहिलं: "आठवणी म्हणजे डेटा नाही." वा! आपण रोज काय करतो? प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आधी लॉग्ज मागतो. ते अर्धवट असतात, त्यात कचरा असतो, वेळेचे शिक्के चुकलेले असतात. म्हणून आपण ते डिलीट करतो का? एकाचे दुसऱ्याशी ताडून बघतो. म्हातारा माणूस साल चुकेल, पण फेरफाराचा उतारा आहे, ग्रामपंचायतीचं दप्तर आहे, शाळेचं रजिस्टर आहे. ताडून बघा की. आणि या खात्याच्या बाबतीत तर आठवणींना जास्तच किंमत आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या १८ व्या कलमाने सरकारला माहिती बंद ठेवायचा अधिकार दिला होता. जिथे कागद कुलपात असतात, तिथे माणसंच कागद असतात.

दुसरं उत्तर: "हे देशविरोधी वाटतं." का बुवा? अमेरिकेने नेवाडाच्या अणुचाचणी क्षेत्राबद्दल हेच केलं. लास व्हेगासच्या विद्यापीठाने २००३ ते २००८ या काळात दीडशेहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यात शास्त्रज्ञ होते, कामगार होते, निदर्शनं करणारे होते आणि वाऱ्याच्या दिशेला राहणारे गावकरीही होते. त्यामुळे अमेरिका काही बुडाली नाही. न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ ला जगातला पहिला अणुस्फोट झाला. १९९० मध्ये भरपाईचा कायदा आला, त्यात तिथले गावकरी वगळले गेले. त्यांनी आपल्या घरातल्या आजारपणांच्या, मृत्यूंच्या हकिगती सांगणं सोडलं नाही. अखेर २०२५ मध्ये कायद्यात त्यांचं नाव आलं. ऐंशी वर्षं! तोवर किती जण गेले असतील, विचार करा.

आता आपल्या आंदोलनवाल्या मित्रांनाही दोन शब्द. "किरणोत्सर्गाने काय त्रास झाला?" असं विचारत माइक पुढे करू नका. उत्तर तुम्हीच पढवताय. "घर कसं होतं? सकाळी उठून काय करायचात?" इथून सुरुवात करा आणि गप्प बसा. प्रकल्पात नोकरी लागून ज्याचं भलं झालं, त्याचंही ऐका. कंत्राटी कामगाराचं ऐका, मासळी विकणाऱ्या मावशीचं ऐका. त्यांची मांगेली, वाडवळी बोली जशी आहे तशी राहू द्या. सॉफ्टवेअरने मजकूर उतरवून तिचं पुस्तकी मराठी करू नका. परवानगी घ्या. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्या घरात, एक गावातल्या शाळेत ठेवा. नाहीतर आधी जमीन नेली, आता आठवणीही नेल्या, एवढाच फरक!

आमच्या मराठवाड्यात तर अजून वेळ गेलेली नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. हे काम अणुऊर्जा विभागाकडेच आहे. किरणोत्सर्गाचा इथे काही संबंध नाही, प्रकल्पाचा मला अभिमानही आहे. पण जमीन बदलतेय, रस्ते बदलतायत, गाव बदलणार आहे. ताऱ्यांची थरथर ऐकायला हजारो कोटी आणि शेजारच्या आजीचं ऐकायला एक तास नाही, असं नको व्हायला.

यासाठी ना अनुदान लागतं, ना समिती. खिशातला फोन, एक शनिवार आणि तोंड बंद ठेवायची सवय, एवढं पुरतं. बोईसरला लोकल जाते. तुर्भे तर मुंबईतच आहे.

मी पहिला शनिवार ठरवलाय. रिलीज असलं तरी.